करड्यांची हरकत

समजा, तुम्ही सातवीत आहात. शाळेला निघालात, दाराबाहेर पाऊल टाकलंत, आणि शेजारच्या मैत्रिणीच्या भिंतीपुढे एक गवंडी शिडी लावून उभा आहे. कानावरची पेन्सिल काढून तो भिंतीवर मोठा चौकोन आखतोय. मैत्रीण खाली कमरेवर हात ठेवून उभी आहे आणि म्हणतेय, "काका, अजून थोडा वर. रस्त्यावरून दिसला पाहिजे."

आता त्या चौकोनाकडे बघा. तो तुमच्या भिंतीवर नाही. दोन हातांवर तुमचीही भिंत आहे, तोच चुना, तीच उंची, पण तिच्याकडे गवंडी बघतसुद्धा नाही. कसं वाटतं? खरं सांगायचं हं, मनातल्या मनात.

उर्मी करडेला जे वाटलं ते ती मनात ठेवणारी नव्हती. तिनं गवंड्याला सांगितलं, "ही भिंत अर्धी आमची आहे. खिळे ठोकलेत तर आमच्या देवघरात निघतील."

"चार बोटांचे खिळे आहेत गं पोरी," गवंडी म्हणाला, "भिंत दोन हात जाड आहे."

"तरी पण विचारायला पाहिजे होतं."

मी त्या वेळी तळवेढ्याच्या शाळेत सातवीला शिकवत होते आणि तांबट आळीच्या तोंडाशीच भाड्यानं राहत होते. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

तळवेढं म्हणजे येरणी नदीच्या काठचं लहानसं गाव. त्या वर्षी नगरपालिकेनं ठरवलं, की गावात जिथं जिथं काही घडलं, तिथं तिथं दगडी फलक लावायचे. जुनी वेस, घोड्यांचा हौद, पहिली शाळा भरली ती धर्मशाळा. माहिती गोळा करायचं काम आमच्या शाळेकडे आलं. मुलं म्हाताऱ्या माणसांकडे जायची, ऐकून यायची, आणि मजकूर वर्गाच्या फळ्यावर उतरवायची. शेवटी फलक समिती शाळेत बसून तो पक्का करणार होती.

तांबट आळीची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. सत्तरेक वर्षांपूर्वी पोळ्याच्या रात्री येरणीला पूर आला. दिवसभर बैल मिरवून, पुरणपोळ्या खाऊन गाव गाढ झोपलं होतं. तेव्हा रघुनाथ वडके नावाच्या तांबटानं घंगाळ बडवून आळी जागी केली, आळीनं गाव जागं केलं, आणि एकही माणूस दगावला नाही. रघुनाथ वडके म्हणजे रोहिणी वडकेचे पणजोबा. फलक त्यांच्या घरावर लागणार हे ओघानंच आलं.

रोहिणी आणि उर्मी एकाच पायरीवर बसून सागरगोटे खेळत मोठ्या झाल्या होत्या. फलक ठरला आणि दोन आठवड्यांत त्या एका बाकावर बसेनाशा झाल्या. दोष एकीचा नव्हता. रोहिणी रोज सकाळी त्या चौकोनावरची धूळ फडक्यानं पुसायची. दुपारच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी फलकाची गोष्ट उघडायची. वर्तमानपत्रवाला फोटो काढून गेला, तेव्हापासून वेणीला रोज नवी रिबीन.

आणि एक दिवस नळावर उर्मीनं आपली घागर पुढे सरकवली, तर रोहिणी म्हणाली, "आमच्या घराला इतिहास आहे. तुमच्या घराला नुसता नंबर आहे."

नळावरच्या बायका हसल्या. वाईट मनानं नाही, पण हसल्या.

उर्मी अर्धी घागर घेऊन घरी गेली. त्या दिवसापासून ती वर्गात गप्प बसायला लागली. फळ्यावर रघुनाथ वडक्यांचा मजकूर होता, तो रोहिणीनंच आपल्या वळणदार अक्षरात लिहिला होता. उर्मी तिकडे पाठ करून बसायची. एकदा मी विचारलं, "मान अवघडली का गं?" तर म्हणाली, "फळ्यावर ऊन पडतं बाई, डोळ्यांत जातं." फळ्यावर ऊन पडेल अशी एकही खिडकी वर्गात नव्हती.

फलकाचा समारंभ त्याच वर्षीच्या पोळ्याला करायचा ठरला. समितीची बैठक त्याच्या आधीच्या शनिवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते, तोच उर्मी धापा टाकत माझ्या दारात आली. चेहरा असा फुललेला, की महिनाभरात पाहिला नव्हता.

"बाई, अमावास्येला तांबट हातोडी उचलतो का?"

"नाही उचलत. तुझ्याच घरात बघतेस की."

तांबट आळीत राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. एरवी त्या आळीत दिवस उजाडल्यापासून ठोके चालतात. भांडं घडवून झालं की त्यावर हातोडीनं बारीक बारीक मठार काढतात, तांब्याला बळकटी येते. त्या आवाजात तिथली बाळं पाळण्यात झोपतात. पण अमावास्येला सगळी आळी मुकी. हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडलेली. त्या दिवशी धातूवर घाव घालायचा नाही, म्हणजे नाही.

"आणि पोळा कधी असतो?" उर्मीनं विचारलं.

माझे हात तांदळातच थांबले.

"बाबा आज म्हणाले," ती भराभर सांगू लागली, "बरं झालं समारंभ पोळ्याला ठेवला, अमावास्या आहे, सगळी आळी मोकळी. ते म्हणाले आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं! पोळा अमावास्येलाच असतो, बाई. नेहमीच. मग पोळ्याच्या रात्री रोहिणीच्या पणजोबांनी घंगाळ बडवलं कसं? अमावास्येला? तांबटानं? सगळी थाप आहे!"

सत्तर वर्षं गाव ती गोष्ट सांगत होतं. पोळा कधी असतो हे पोरासोरांना माहीत होतं. तांबट अमावास्या पाळतात हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिल्या नव्हत्या.

"डोकं चालवलंस हं," मी म्हटलं. खरंच चालवलं होतं तिनं. "कुणाला बोललीस?"

"डॉक्टर सोमणांना." सोमण डॉक्टर समितीचे अध्यक्ष. "त्यांना सांगून आले, माझी हरकत आहे, उद्या पुरावा देते. आणि रोहिणीला सांगितलं, धूळ पुसायचे कष्ट नको घेऊस, चौकोन रिकामाच राहणार आहे."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही. तोंड एवढंसं झालं." हे सांगताना तिचं तोंड मात्र चांगलं रुंद झालं होतं.

मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "उर्मी, पुरावा म्हणतेस तो अजून नुसता प्रश्न आहे. कसं झालं असेल, असा प्रश्न. ज्यानं पाहिलं त्याला विचारायला नको?"

"पाहिलेलं कोण उरलंय?"

"तुझे आबा तेव्हा केवढे होते?"

आबा म्हणजे तिचे आजोबा, भिकाजी करडे. आळीतलं सगळ्यात वयस्कर माणूस. "आठ वर्षांचे. पण आबा काही सांगत नाहीत. रोहिणीनं विचारलं तेव्हाही म्हणाले, मला आठवत नाही."

"बाजारात सव्वा रुपयाला मिळालेलं धोतर त्यांना आठवतं," मी म्हटलं. "चल."

आबा ओसरीवर बसून आडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मला पाहून पाय आखडून घेतले. "या बाई. पोरीनं काही कागाळी केली वाटतं?"

"उर्मीला एक विचारायचंय," मी म्हटलं.

उर्मीनं विचारलं. अमावास्या, पोळा, घंगाळ, सगळं एका दमात, आणि शेवटी, "सांगा आबा, थाप आहे ना?"

आडकित्ता थांबला. आबांनी आधी शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडे वडक्यांच्या घरी कुणीतरी लोटा मठारत होतं, त्याचे बारीक ठोके ऐकू येत होते.

"हे तुझं तुला सुचलं?"

"हो."

"गोविंद करड्याची पणती शोभतेस," आबा म्हणाले. गोविंद करडे त्यांचे वडील. पण ते कौतुकानं म्हणाले असं मला वाटलं नाही.

"म्हणजे थाप आहे!"

"बस खाली." ती बसली. "थाप नाही. रघूकाकानं बडवलं. मी या कानांनी ऐकलं. अमावास्या होती आणि त्यानं बडवलं."

"पण कसं? पाळत नव्हते ते?"

"आमच्या घरापेक्षा जास्त पाळायचा. ओसरीवर झोपायचा तो. पाणी पायाला लागलं तेव्हा उठला. हाका मारल्या. वारा असा, की हाक तोंडातच राहायची. आमचं दार ठोठावलं, कुणाला जाग नाही. तेव्हा त्यानं पाटावरची हातोडी उचलली. हळदकुंकू लावलेली. आणि दारातल्या घंगाळावर घातली."

"आणि तुम्ही जागे झालात."

"अगं, ठोक्यांनी तांबट जागा होतो होय? ठोक्यांवर तर आम्ही झोपतो. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यानं बडवलं असतं, तर माझा बाप कूस बदलून म्हणाला असता, रघू लवकर लागला वाटतं कामाला. आणि बुडालो असतो सगळे." आबांनी सुपारीचं खांड तळहातावर घेतलं, तोंडात मात्र टाकलं नाही. "अमावास्या होती म्हणून उठला. काठी घेऊन उठला! अमावास्येला कोण मारतोय रे, म्हणून. घराघरांतून तशीच माणसं निघाली, रघूला बडवायला. बापानं उंबरा ओलांडला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला."

उर्मीचे ओठ विलग झाले होते.

"मग त्याच काठीनं बापानं गावातली दारं बडवली. वरच्या आळीपर्यंत. उजाडेपर्यंत."

"पणजोबांनी?" उर्मी गुडघ्यांवर उठली. "मग आपल्या घरावर पण फलक पाहिजे! हे का नाही सांगितलंत कुणाला? आबा, सांगायचं नाही का!"

"पुढचं ऐक, मग उड्या मार."

ती पुन्हा बसली.

"पाणी ओसरलं. गावानं रघूला खांद्यावर घेतलं, देवीच्या देवळापर्यंत मिरवलं. ज्याच्या त्याच्या तोंडी रघू. माझ्या बापाचे हात दारं बडवून सोलपटले होते, त्याला कुणी विचारलं नाही. आईनं तूप लावलं, तेवढंच. तो मिरवणूक बघत ओसरीवर उभा होता, इथंच. मी खाली बसलो होतो. वर मान करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर मला भीती वाटली."

पलीकडचे ठोके चालूच होते.

"बाप आळीचा मुख्य. चौथ्या दिवशी त्यानं सगळ्यांना बोलावलं. म्हणाला, जीव वाचवले ते देवीनं, अमावास्या मोडली ती रघूनं. वाळीत टाका. कुणाची छाती झाली नाही नको म्हणायला. बाई, तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला सांगतो. हंडा, घंगाळ, बंब, असलं मोठं भांडं एकट्याच्यानं होत नाही. एकानं धरायचं, दुसऱ्यानं मारायचं. समोर माणूस लागतो. रघूच्या समोर आळीतलं कुणी बसेना. लहान लोटे करून त्यानं घर चालवलं, मरेपर्यंत. अजून बघा, वडक्यांकडे लोटेच होतात."

"अमावास्या मोडली म्हणूनच ना पण," उर्मी हळूच म्हणाली. "नियम होता म्हणून."

"नियम कसला! पोट दुखलं माझ्या बापाचं." आबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "महिनाभर तुझं दुखतंय तसंच."

उर्मी ताडकन उठली. तिचे डोळे भरले होते, पण ते पश्चात्तापानं वगैरे भरले होते असं समजू नका. ती पाय आपटून म्हणाली, "म्हणजे तीच मोठी! मी तिचा फलक पाडायला गेले आणि तिचा फलक अजून मोठा झाला! आणि आपण... आपण कोण, तर..."

"उद्या तुझी हरकत आहे म्हणतात," आबा म्हणाले. "मी येणार आहे. नुसतं पोळा आणि अमावास्या म्हणालीस, तर गोष्ट खोटी ठरेल. तांबटानं अमावास्या मोडली हे आळीतली माणसं मानणार नाहीत, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांतला मी एकटा उरलोय. मला कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण आपणहून तोंड उघडणार नाही. इतकी वर्षं नाही उघडलं."

उर्मीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिची शिक्षिका, मी काय ते सांगावं, असं तिला वाटलं असणार. मुलांनो, गणितात अडलेल्या मुलाला मी कधीच उत्तर सांगत नसे. त्या दिवशीही सांगितलं नाही. उठले आणि घरी आले.

शनिवारी दुपारी आमचा वर्ग माणसांनी भरला. समितीची मंडळी पुढच्या बाकांवर अवघडून बसली होती, गुडघे बाकात मावत नव्हते. तांबट आळी अर्धीअधिक आली होती. आबा सगळ्यात मागच्या बाकावर, काठीवर दोन्ही हात ठेवून. रोहिणी तिच्या वडिलांजवळ बसली होती. वेणीला रिबीन नव्हती आणि डोळे सुजले होते. फळ्यावर तिच्या अक्षरातला मजकूर तसाच होता.

वेस झाली, हौद झाला, धर्मशाळा झाली. डॉक्टर सोमणांनी चष्मा कपाळावर चढवला. "तांबट आळी. इथं एक हरकत आहे. उर्मिला करडे, बोल बाळ."

उर्मी उभी राहिली.

"पोळ्याला अमावास्या असते," ती म्हणाली.

एवढंच. पण आळीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी खाकरलं. एक जाडजूड गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "अरेच्चा! तांबट आणि अमावास्येला? मग गोष्ट खोटीच की हो डॉक्टर!"

"विचार करण्यासारखं आहे," डॉक्टर म्हणाले. "एखादा लाकडी दांडा घेतला असेल... कुणाला काही माहीत आहे का?"

मागं आबांची मान खाली होती. रोहिणीनं दोन्ही हातांनी फ्रॉकची कड धरली होती आणि ती उर्मीकडे बघत होती. रागानं नाही. नळावर घागर निसटताना बघावं तशी.

"बस तर मग," डॉक्टर म्हणाले. "हा फलक तूर्त बाजूला ठेवू."

उर्मी बसली नाही. ती बाकातून बाहेर आली, माझ्या टेबलावरचा खडू उचलला आणि फळ्याकडे गेली. "खोटी नाही," ती म्हणाली. "अर्धी आहे."

रोहिणीच्या मजकुराखाली जागा होती. तिथं ती लिहू लागली. तिचं अक्षर किरटं, ओळी उजवीकडे चढणाऱ्या. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होती, माझ्याच वर्गाची सवय.

"त्या रात्री अमावास्या होती. तरीही रघुनाथ वडके यांनी पूजेतली हातोडी उचलली. अमावास्या कोण मोडतो म्हणून रागावून लोक बाहेर आले, त्यामुळे वाचले. गोविंद करडे यांनी उजाडेपर्यंत गावाची दारे ठोठावली."

"वा!" ते जाडजूड गृहस्थ म्हणाले. "म्हणजे करड्यांचंही नाव आलं. छान झालं, दोन्ही घरं राहिली."

माणसं हलली, हसली. बाकं करकरली. उर्मीचे वडील खुशीत मिशीवरून हात फिरवू लागले, त्यांना तरी काय ठाऊक होतं! डॉक्टरांनी टाळीसाठी हात उचलले होते.

उर्मीचा खडू फळ्यावर टेकलेला होता. तो तसाच राहिला. ती वळेना. मग खडू किरकिरला.

"पूर ओसरल्यावर, अमावास्या मोडली म्हणून, रघुनाथ वडके यांना वाळीत टाकले. मरेपर्यंत त्यांच्यासमोर कामाला कुणी बसले नाही."

टाळ्यांचे हात खाली आले. रोहिणीचे वडील बाकाला धरून अर्धवट उठले. लोटेच का, हे घरात कुणी त्यांना कधी सांगितलं नसावं.

"कुणी टाकलं वाळीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"आळीनं," पुढच्या बाकावरून कुणीतरी घाईनं म्हणालं. "आळीनं लिही. पूर्वी चालायचं तसं. नावं कशाला?"

उर्मीनं "आळीने" लिहिलं. एक पाऊल मागं सरून पाहिलं. मग तळहातानं ते पुसून टाकलं, आणि त्या पांढऱ्या डागावरच, दाबून, ठसठशीत लिहिलं, "गोविंद करडे यांनी."

खाली एक शब्द तिनं आणखी लिहिला, "पोटदुखीने." तो समितीनं पुढे गाळला. फलकावर तो नाही, तुम्ही तळवेढ्याला गेलात तर शोधू नका. पण त्या दिवशी फळ्यावर तो होता आणि सगळ्यांनी वाचला.

तिचे वडील उभे राहिले होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "उर्मे!" एवढंच म्हणाले. तिनं खडू टेबलावर ठेवला, हात परकराला पुसले. रोहिणीनं आपल्या बाकावर सरकून जागा केली होती, जरा घाबरत, एखाद्याला हाक मारावी तशी. उर्मीनं ती जागा पाहिली. पण ती तिथं बसली नाही. बाकांच्या मधून, कुणाकडेही न बघता, ती थेट मागच्या बाकापर्यंत गेली. तिथं आबा अजून मान खाली घालून काठीकडे बघत होते.

"आबा, सरका जरा," ती म्हणाली, आणि त्यांच्याशेजारी बसली.